कोंडाईबारीला चोर पाहिजे

चोरांपायी नोकरी गेलेली माणसं जगात पुष्कळ. चोर नाहीत म्हणून जिची नोकरी जायला आली अशी असामी मात्र माझ्या ऐकण्यात एकच, ती म्हणजे नवापूरचा वाहिद पिंजारी. त्यावर त्याने जो उद्योग केला तो भल्या माणसालाच सुचू शकतो. बदमाशाने इतका मूर्खपणा कधी केला नसता.

लढाईचे दिवस होते. रेल्वेचे डबे सरकारने लढाईकडे वळवले, तेव्हा व्यापाऱ्यांना मोटार-लॉरीची आठवण झाली. नवापुरात चुनीलालशेठची एक लॉरी होती. गुजरातकडून आलेला माल, मीठ, कापड, तेलाचे डबे असं काहीबाही भरून ती धुळ्याला जायची. पेट्रोल रेशनवर थेंबथेंब मिळायचं, म्हणून शेठने तिला कोळशाच्या गॅसची भट्टी बसवून घेतली. सपाटीवर लॉरी बरी चालायची. कोंडाईबारीचा घाट लागला की मात्र तिचा जीव कंठाशी यायचा. डोक्यावर मोळी घेतलेली बाई तिला मागे टाकून पुढे निघून जायची. मग अशा लॉरीच्या मागून वर चढून दोन गोण्या खाली लोटायला काय लागतं? पहिल्या दोन महिन्यांत शेठचा माल असा वरचेवर कमी होऊ लागला आणि शेठने रखवालदार ठेवला.

तो रखवालदार म्हणजे वाहिद. वय पंचेचाळीसच्या आसपास. पिढीजात धंदा कापूस पिंजण्याचा, पण जिनिंगच्या कारखान्यात कापसाची गठाण पडून त्याचा डावा पाय गुडघ्यात अधू झालेला. हमाली होईना, दिवसभर धनुकली घेऊन फिरणं होईना. बसून करायचं काम गावात दोघांनाच मिळतं, एक शेठला आणि दुसरं शेठच्या मुनिमाला. वाहिदला ते लॉरीवर मिळालं. गोण्यांच्या थप्पीवर मागे तोंड करून बसायचं, हातात काठी, गळ्यात शिट्टी. पिंजारवाड्यात त्याला आता कुणी लंगडा म्हणत नसे, ‘गाडीवाले वाहिदभाई’ म्हणत. त्याची बायको अख्तरबानो जिभेने तिखट होती, पण तीसुद्धा शेजारणींशी बोलताना ‘आमच्या गाडीचं’ असं बोलू लागली. ही नोकरी गेली तर वाहिद पुन्हा लंगडा होणार होता. त्याला भीती होती ती एवढीच.

सुरुवातीला काठी, शिट्टी, आरडाओरडा सगळं झालं. उपयोग शून्य. वाहिद एका बाजूला काठी उगारी, तोवर दुसऱ्या बाजूने गोणी गेलेली असायची. मग एके दिवशी घाटाच्या पायथ्याशी सोमीबाई भेटली. पायथ्याच्या पाड्यावरची ख्रिस्ती म्हातारी, डोक्यावर मोहाच्या फुलांची पाटी. ती लॉरीच्या बरोबरीने चालता चालता म्हणाली, “भाऊ, गाडी तं मन्हासारखीच म्हतारी शे. वर बसाडी ले ना.” शेठचा सक्त हुकूम होता की गाडीवर माल बसेल, माणूस बसणार नाही. पण वाहिदला तिची दया आली आणि त्याने हात देऊन तिला वर ओढलं. त्या खेपेला एक गोणी हलली नाही. पुढच्या खेपेला सोमीबाईबरोबर आणखी तिघी चढल्या. तेव्हाही काही गेलं नाही.

वाहिदच्या लक्षात आलं. ज्या गाडीवर आपलीच मावशी बसलीये, तिच्यावर मागून चढणार कोण? आणि चढलाच तर मावशीच्या तोंडाला कोण लागणार? तेव्हापासून त्याचा रिवाज पडला. पायथ्याशी माणसं घ्यायची, माथ्यावर उतरवायची. म्हातारे, लेकुरवाळ्या, तापाने फणफणलेले, बाजारकरी, सगळे. पै घ्यायची नाही. ड्रायव्हर सलाउद्दीन भट्टीत कोळसे ढकलत म्हणायचा, “ही लॉरी आहे का तुझी वरात?” पण तोही गप्प बसला, कारण माल पोचत होता. दोन वर्षं झाली, चिंधीसुद्धा गेली नाही. शेठने विचारलं की वाहिद छाती काढून सांगायचा, “डोळ्यात तेल घालून बसतो, शेठ.” शेठला वाटायचं काठीचा प्रताप. खरं सांगायची सोय नव्हती, हुकूम मोडल्याबद्दल तिथेच उतरवला असता.

आणि इथेच घोडं अडलं. दिवाळीनंतर एके दिवशी शेठने त्याला गादीजवळ बोलावलं, पानाचा विडा दिला आणि म्हणाला, “वाहिद, दोन वर्षांत एक चोरी नाही. शाबास. म्हणजे चोर संपले. आता चोरच नाहीत तर रखवालदार कशाला? नाताळापर्यंत ये, मग घरी आराम कर.”

वाहिद विडा हातात घेऊन उभाच राहिला. “शेठ, मी आहे म्हणून चोऱ्या होत नाहीत.”

“तेच तर! तू काम पुरं केलंस. विहीर खणून झाली की पाथरवटाला कोण ठेवतं?”

घरी येऊन त्याने अख्तरबानोला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “इतकं चांगलं काम करायला कुणी सांगितलं होतं? वर्षाकाठी एखादी गोणी जाऊ द्यायची. हकीम तरी सगळ्यांना बरं करतो का?” ती रागाच्या भरात बोलून गेली, पण वाहिदच्या डोक्यात ते बसलं. आपल्याला फक्त एक चोरी पाहिजे. मोठी नको, बेताची. एक चोर मिळाला की झालं.

आता चोर हा जिन्नस असा की नको तेव्हा पावलोपावली, आणि हवा तेव्हा शोधून सापडत नाही. वाहिदला एकच खात्रीचा माणूस माहीत होता, गोवाल. पहिल्या दोन महिन्यांत शेठच्या ज्या गोण्या गेल्या त्यांतल्या निम्म्या गोवालच्या खांद्यावरून गेल्या हे अख्ख्या घाटाला ठाऊक होतं. आता तो पायथ्याशी बांबूच्या टोपल्या विणत बसायचा. भट्टीत कोळसा भरायला लॉरी थांबली तेव्हा वाहिद लंगडत त्याच्याजवळ गेला आणि आडून आडून म्हणाला, “गोवालभाऊ, आजकाल जुना धंदा सोडीच दिया का?”

“कोनता?”

“गोणीस्ना.”

गोवालने हातातली कामटी खाली ठेवली. वाहिदने मग सगळं उघडच सांगून टाकलं. एक गोणी, मिठाची, वळणावर मी मान फिरवीन, तू घेऊन जा, मीठ तुझं. फुकट.

गोवाल इतका चिडला की त्याला उठता येईना. “तुन्ही गाडीवरनं? मन्ही आंडेर बाळंतपनले अडनी व्हती, तुन्ही गाडीवर तिले लई गऊत. मन्हा नातू तठेच, वर पोचताच जलमले उना. त्या गाडीवर मी चोरी करू? तू मले समजस काय?” शेजारी बसलेली दोन माणसंही वाहिदकडे अशा नजरेने बघायला लागली की त्यानेच काही चोरलंय. बिचारा माफी मागत लॉरीवर परत चढला. चोरालासुद्धा चोरी कर म्हणायची चोरी! तेल घालून जपलेल्या डोळ्यांत त्या दिवशी खरंच पाणी आलं.

शेवटी त्याने ठरवलं, आपला हात जगन्नाथ. डिसेंबरची पहिली खेप. माथ्यावर सगळी माणसं उतरली, हात हलवून गेली. पुढे रस्ता मोकळा लागला तशी त्याने दोर सैल केला, मणभर मिठाची एक गोणी ओढली आणि बिस्मिल्ला म्हणून खाली लोटली. सगळ्यात स्वस्त माल म्हणून मीठ निवडलं होतं. कापडाच्या गाठीला हात लावायची त्याची छाती झाली नाही. पडताना गोणीची शिवण थोडी उसवली, ते त्याने पाहिलं आणि चुकचुकला. चोरी करतानाही माल खराब होतो म्हणून जीव तुटणारा हा माणूस!

धुळ्याला गोण्या मोजल्या, एक कमी. नवापुरात शेठने कपाळाला हात लावला. “घाटात पुन्हा सुरू झालं वाटतं. वाहिद, तू कुठे जायचं नाही आता. नाताळाचं विसर.” त्या दिवशी पिंजारवाड्यात शेवया झाल्या. अख्तरबानोने शेजारणींना वाट्या भरभरून पाठवल्या. कशाबद्दल ते कुणी विचारलं नाही हे बरं झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाहिद शेठच्या वखारीत दोर तपासत बसला होता. फाटकातून इसहाक आत आला. इसहाक म्हणजे सोमीबाईचा मुलगा, तिशीतला, शेतीवाडी करणारा, रविवारी प्रार्थनेला जाणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या पाठीवर मिठाची गोणी होती. घाटापासून नवापूर दहा कोस. दोन दिवस चालून आला होता. उसवलेल्या शिवणीला त्याने पळसाची पानं खोचून वर काथ्याने बांधलं होतं. खाऱ्या घामाने त्याची पाठ पांढरी पडली होती. त्याने गोणी खाली ठेवली, वाहिदकडे बघून हसला आणि म्हणाला, “वाहिदभाई, तुन्ही गाडीवरनी पडी गयी व्हती. मी म्हनं, तुले बोल लागी.”

वाहिद हातातला दोर पुन्हा तपासू लागला.

शेठ गादीवरून उठून आला. त्याने गोणीभोवती एक फेरी मारली आणि तोलणाऱ्याला हाक मारली. गोणी काट्यावर चढली. चौतीस शेर. मणाचे चाळीस होतात हे कुणालाही माहीत आहे.

“सहा शेर कुठे गेलं?” शेठने विचारलं.

“वाटमा सांडनं,” इसहाक म्हणाला.

“सांडलं म्हणे. सहा शेर घरी ठेवलं, आणि भीती वाटली तशी बाकीचं घेऊन आलास. गोणी पडली नव्हती. काढली होती. दोन वर्षांत एक गोणी पडली नाही माझ्या गाडीवरून, विचार या वाहिदला. कशी बांधतो तो!”

सगळे वाहिदकडे बघायला लागले, इसहाकसुद्धा. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. वाहिदभाई आता सांगेल, अशी खात्री होती. आणि वाहिद, ज्याने काठी-शिट्टीने अख्खा घाट दणाणून सोडला होता, तो हातातल्या दोराची गाठ सोडत आणि पुन्हा मारत बसला. शेठने फौजदाराकडे माणूस पाठवला. शिपाई आले. इसहाक त्यांच्याबरोबर गेला, जाताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. तेव्हाही वाहिद बोलला नाही. का बोलला नाही, हे त्याला पुढे मरेपर्यंत सांगता आलं नाही. मी तरी काय सांगू? भित्रा होता, एवढंच.

दुसरी सकाळ उजाडली तशी त्याची ती भीती दुसऱ्या भीतीखाली, इसहाकला शिक्षा होईल या भीतीखाली, दबून गेली. तो चौकीवर गेला. फौजदार देशावरचे, शुद्ध बोलणारे, चहाची बशी हातात. वाहिदने हात जोडून सांगितलं, “साहेब, इसहाकचा गुन्हा नाही. गोणी मी टाकली.”

“का?”

“चोरी झाली नाही तर शेठ नोकरीवरून काढणार होते.”

“म्हणजे नोकरी टिकावी म्हणून टाकलीस.”

“होय साहेब.”

“आणि हे मला सांगितलंस तर नोकरी जाईल, हे तुला कळतं?”

“होय साहेब.”

फौजदारांनी बशी खाली ठेवली. “नोकरी राहावी म्हणून गुन्हा केलास, आणि नोकरी जावी म्हणून कबूल करतोस. असं शहाणा माणूस करतो का? आणि तू वेडा नाहीस, असतास तर शेठने ठेवला नसता. म्हणजे तू खोटं बोलतोयस. त्या माणसाची कीव आली ना? चांगलं आहे. जा आता.”

कायद्याचं डोकं ते, त्याच्याशी कोण वाद घालणार? वाहिद तिथून शेठकडे गेला, पायावर डोकं ठेवून तेच सांगितलं. शेठचे डोळे भरून आले. त्याने मुनिमाला हाक मारून सांगितलं, “बघ, याला म्हणतात दिलदार. चोराला वाचवायला स्वतःवर आळ घेतोय. असा माणूस मी काढायला निघालो होतो!” आणि त्याने वाहिदसाठी पितळी बटणांचा खाकी कोट शिवायला टाकला. खरं बोललं की बक्षीस मिळतं असं शाळेत शिकवतात, ते असं.

अख्तरबानोने त्या संध्याकाळी चूल पेटवली नाही. “कोट आला तर तो मी बंबात घालीन,” एवढंच ती म्हणाली.

मग वाहिदने शेवटचा उपाय केला. पुढच्या खेपेला शेठ परवान्याच्या कामासाठी धुळ्याला निघाला होता. वाहिद म्हणाला, “शेठ, घाटात चोर कसे येतात ते डोळ्यांनी बघा. पुढे बसून दिसणार नाही. माझ्याजवळ बसा.” शेठला ते पटलं. घाटाच्या पायथ्याशी तो धोतर सावरत, सलाउद्दीनच्या खांद्यावर पाय देत थप्पीवर चढला आणि वाहिदच्या शेजारी मागे तोंड करून बसला. पायथ्याची माणसं शेठला बघून बिचकली, कुणी चढलं नाही. सगळी मागून चालू लागली. पंधरा-वीस असतील, बायका जास्त.

लॉरी धापा टाकत अर्ध्या घाटात आली. वाहिद अधू पायावर उभा राहिला. “बघा शेठ,” म्हणाला, आणि त्याने एक गोणी धरून रस्त्यावर लोटली. शेठ काही बोलायच्या आत दुसरी लोटली.

“अरे काय करतोस! चोर! चोर!” शेठ ओरडला, कारण खाली माणसं गोण्यांकडे धावली होती. चौघांनी एक उचलली, चौघींनी दुसरी. आणि ती सगळी मंडळी गोण्या घेऊन लॉरीमागे पळत सुटली. शेठ “चोर, चोर” ओरडतोय आणि चोर मालासकट त्याच्याकडेच पळत येतायत! लॉरी इतकी हळू की त्यांना फार पळावंही लागलं नाही. पहिली गोणी शेठच्या पायाशी येऊन पडली. दुसऱ्या गोणीच्या एका टोकाला सोमीबाई होती. तिचा मुलगा आठ दिवस कोठडीत होता आणि तिने ते टोक वर ढकलून वाहिदच्या हातात दिलं.

“धर,” ती धापा टाकत म्हणाली. “आते नीट बांध भाऊ. मन्हा आंडोर गया तितलाच बस शे.”

वाहिदने मग ही माणसं आपल्या गाडीला इतकं का जपतात तेही शेठला सांगून टाकलं. माथा आला तेव्हा शेठ म्हणाला, “म्हणजे तू खरंच टाकली होतीस.”

“होय शेठ.”

“आणि या लोकांना वर बसवत होतास. दोन वर्षं.”

“होय शेठ.”

शेठ व्यवहारी माणूस. अन्याय झाला हे त्याला समजलं, आणि आपला फायदाही त्याच वेळी समजला. तक्रार मागे घेतल्याची चिठ्ठी त्याने तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून लिहून दिली. मग म्हणाला, “पडलेली गोणी लोक पळत आणून देतात. मला रखवालदार लागत नाही हे आता मी स्वतः पाहिलं. उतर.”

वाहिद उतरला. लॉरी धुळ्याकडे गेली. तो चिठ्ठी टोपीत खोचून दहा कोस लंगडत खाली नवापूरला आला, सोमीबाई बरोबर. उतारावर दोनदा तिने त्याला हात दिला. फौजदारांनी चिठ्ठी तीनदा वाचली आणि इसहाकला सोडलं.

इसहाक सुटला तो आधी घरी न जाता पिंजारवाड्यात आला. वाहिद ओट्यावर जुनी धनुकली घेऊन बसला होता, तात ताणून बघत होता. अख्तरबानोने पाणी आणून दिलं आणि आत न जाता दाराशीच उभी राहिली. वाहिदने धनुकली बाजूला ठेवली, सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. नोकरीची भीती, गोवाल, माथ्यावर लोटलेली गोणी, वखारीतलं गप्प बसणं. शेवटी म्हणाला, “मले माफ कर भाऊ.”

इसहाकने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. तो रागावला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर वाहिदला बरं वाटलं असतं. पण तो खरोखरच विचारात पडला होता. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

“माफ कया,” तो म्हणाला. “पन एक सांग वाहिदभाई. आते रस्तावर कोनाची गोणी पडेल दिसनी, तं मी काय करू?”

वाहिदने अख्तरबानोकडे पाहिलं. ती दारातून आत निघून गेली. इसहाक उत्तराची वाट बघत कितीतरी वेळ ओट्यावर बसून होता.